काचेपलीकडचे विज्ञान

(विज्ञानविषयक व्याख्यानाचा संपादित अंश)



आज आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात वा पर्समध्ये काचेची एक लहानशी पाटी असते. तिच्यावर बोट फिरवले की अक्षरे उमटतात. ही पाटी चालते कशी आणि तिच्यात आपल्या देशाचा वाटा कोणता, या दोन प्रश्नांचा आज विचार करू.

१८८८ साली प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख राइनित्झर यांना एक पदार्थ दोनदा वितळताना आढळला. आधी त्याचा गढूळ द्रव होई, आणखी तापवल्यावर तो नितळ होई. द्रवाप्रमाणे वाहणारा, तरीही स्फटिकाची शिस्त पाळणारा असा हा द्रवस्फटिक. १९७० साली स्वित्झर्लंडमध्ये शाड्ट व हेल्फ्रिख यांनी त्याच्या रेणूंची पिळदार रचना योजली. विद्युतदाब दिला की पीळ सुटतो आणि प्रकाश अडवला जातो. या पडद्याला प्रकाश निर्माण करायचा नसतो, केवळ सोडायचा वा रोखायचा असतो. म्हणून वीज अत्यल्प लागते. शार्प कंपनीचे १९७३ सालचे गणकयंत्र एका साध्या सेलवर सुमारे १०० तास चाले.

रंगीत पडद्यामागे मात्र दिवा हवा, आणि बरीचशी वीज तोच खातो. शिवाय स्थिर चित्रही सेकंदाला अनेकदा नव्याने रेखाटावे लागे. जपानच्या हिदेओ होसोनो यांनी २००४ साली इंडियम, गॅलियम व जस्त यांच्या ऑक्साइडचा ट्रान्झिस्टर सादर केला. त्यातून विद्युतभाराची गळती फारच कमी होत असल्याने हे वारंवार रेखाटणे कमी करता येते. २०१२ साली असे पडदे बाजारात आले.

आता स्पर्शाकडे वळू. काचेवर विद्युतवाहक, पण पारदर्शक असा थर असतो. आपले शरीरही विद्युतवाहक. बोट जवळ येताच तेथील विद्युतधारिता बदलते आणि यंत्राला जागा कळते. नुसत्या नखाने पडदा का दाद देत नाही, याचे उत्तर येथे आहे. इंग्लंडमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी ही कल्पना १९६५ सालीच मांडली होती.

आणि आपला वाटा? द्रवस्फटिकाचे रेणू काडीसारखे लांबटच असतात, असा समज होता. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश यांनी १९७७ साली चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक जगापुढे ठेवले. तेही ‘प्रमाण’ या भारतीय नियतकालिकातून! पुढे जपानच्या फुजी कंपनीने अशाच रेणूंचा पातळ पापुद्रा बनवला आणि बाजूने पाहिले तरी चित्र स्पष्ट दिसू लागले. पडद्यांचे प्रचंड कारखाने मात्र जपान, कोरिया, तैवान आणि चीनमध्ये उभे राहिले.

बुद्धी आपल्याकडे होती. प्रयोगशाळेतून कारखान्यापर्यंत जाणारी वाट मात्र नव्हती. केवळ अभिमान बाळगून ती वाट तयार होणार नाही. त्यासाठी दीर्घकाळ धीर धरणारे भांडवल, कुशल हात आणि संशोधकाच्या दारी जाणारा उद्योजक हवा. चंद्रशेखरांचे खरे स्मरण त्यातच आहे.