जुन्नरचा दगड काय सांगतो?

(अवसरी खुर्द, तालुका आंबेगांव, येथें ग्रामस्थांपुढें दिलेलें व्याख्यान)



इतिहास म्हटला कीं आपला शेतकरी दोन पावलें मागें सरतो. तो म्हणतो, "तें शिकलेल्यांचें काम, आम्हांला त्यांतलें काय कळणार?" पुण्यांत जुन्या वाड्यांवर, देवळांवर व्याख्यानें होतात, माणसें ते वाडे पाहत हिंडतात. हें चांगलेंच आहे. पण पुण्यांत पेशव्यांचे वाडे उठण्याच्या दीड हजार वर्षें आधीं आपलें जुन्नर भरभराटीचें व्यापारी शहर होतें. त्याची हकीकत येथल्या लेकरांना येथल्याच गांवांत कोणीं सांगावयाची? आपण सांगितली नाहीं तर दुसरा कोणी सांगेल, आणि त्याच्या सोयीनें सांगेल.

कोंकणच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाटानें वर चढे, जुन्नरास येई व पुढें पैठणाकडे जाई. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, असें लोक सांगतात. जवळच्या लेण्यांत सातवाहन राणी नागनिका हिचा म्हणून मानला जाणारा ब्राह्मी लेख आहे. राजानें कोणते यज्ञ केले, गाई किती दिल्या, कार्षापण किती दिले, याचे आंकडे त्यांत आहेत. दान कोणाच्या हातून सुटलें हें लेख सांगतो. तें धन कोणाच्या पाठीवरून घाट चढलें, हें मात्र सांगत नाहीं. तो प्रश्न आपण विचारला पाहिजे.

आतां लेण्यांकडे या. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी मिळून जुन्नरच्या भोंवतीं दोनशेंहून अधिक लेणीं आहेत. तेथील लेख भगवानलाल इंद्रजी व बर्जेस यांनीं १८८१ सालीं छापून प्रसिद्ध केले. हीं लेणीं राजांनीं कोरविलीं असें आपण धरून चालतों. लेख काय म्हणतात? लेण्याद्रीचें चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा, मुलगा सुलसदत्त यानें दिलें. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याचें टाकें दिलें. यवन म्हणविणाऱ्या परदेशी माणसांनीं टाकीं दिलीं, भोजनशाळा दिली. आणि सर्वांत लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही, कीं बांबूकाम करणारे व कासार यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवली जाई, आणि तिच्या व्याजांतून धर्मकार्य चाले. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर ती बुरूड-कासारांची पतपेढी होती! ज्या बुरुडाला पुढें गांवगाड्यानें मागच्या ओळींत बसविलें, त्याच्या वचनावर त्या काळचें शहर आपला पैसा सोंपवीत होतें. हें दगडावर कोरलेलें आहे, कोणाच्या तोंडचें नाहीं.

आणखी एक माणूस या लेखांत शोधूनही सांपडत नाहीं. तो छिन्नी धरणारा पाथरवट, आणि त्याची छिन्नी शेवटून देणारा लोहार. दात्याचें नांव राहिलें, हात मात्र निनांवी राहिले.

पुढें १४९० सालीं मलिक अहमदानें येथेंच निजामशाही मांडली. १६३० सालीं शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. २०२५ सालीं युनेस्कोनें ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशांत जागा दिली त्यांत शिवनेरी आहे. आनंद आहे! पण गडावर जाल तेव्हां जन्मस्थानाला नमस्कार करून लगेच माघारीं फिरूं नका. अंबरखाना पाहा, गंगा-जमुना टाकीं पाहा. गड नुसत्या तलवारीनें टिकत नाहीं. धान्य आणि पाणी सांभाळणाऱ्यांनींही तो टिकविलेला असतो.

हें झालें जुन्नरचें. आपल्या तालुक्यांत मंचरला जुनी चौकोनी बारव आहे, तिच्या कोनाड्यांत शिलालेख आहे. आणि ज्या गांवाचें नांव आपल्या तालुक्याला आहे, तें जुनें आंबेगांव कोठें आहे? घोड नदीवरच्या डिंभें धरणाच्या पाण्याखालीं! धरणाचें पाणी शेतांना मिळालें, त्याबद्दल तक्रार नाहीं. पण त्या गांवची वेस कोठें होती, बाजार कोठें भरे, हें आतां म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यांतच उरलें आहे. तीं माणसें गेलीं कीं गांव दुसऱ्यांदा बुडेल.

कोणी म्हणेल, "कांद्याला भाव नाहीं, आणि तुम्ही दगडांचें काय घेऊन बसलां?" प्रश्न रास्त आहे. माझें उत्तर असें, कीं ज्याला आपल्या बापजाद्यांच्या हातचें काम माहीत नाहीं, त्याला सारीं कामें परक्यांचींच वाटतात, आणि तो बाजारांतही खालीं मान घालून उभा राहतो.

म्हणून तीन गोष्टी मागतों. पहिली, दगडाला हात लावण्यापूर्वीं विचार करा. कोरीव अक्षरांवर रंग फांसूं नका. चुन्याच्या जुन्या बांधकामावर सिमेंटचा गिलावा करूं नका. त्यानें ओल आंत कोंडते व दगडाचे पापुद्रे सुटतात. १९५८ चा केंद्राचा कायदा सरकारनें जाहीर केलेल्या वास्तूंनाच संरक्षण देतो. बाकीच्या बारवा, वेशी आणि समाध्यांचा राखणदार गांवच!

दुसरी, २००९ पासून आपल्या गांवांत सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील मुलांना टेप घेऊन बाहेर काढा. पंचक्रोशींतल्या प्रत्येक जुन्या विहिरीचें, वाड्याचें व देवळाचें माप आणि नकाशा होऊं द्या, व त्याची एक प्रत ग्रामपंचायतींत ठेवा.

तिसरी, दर महिन्याला भैरवनाथाच्या देवळापुढें एक व्याख्यान करा. वक्ता बाहेरून आणण्याची गरज नाहीं. विहीर बांधलेला वडार, वाड्याची तुळई चढविलेला सुतार, पाण्याखालीं गेलेल्या गांवांतली आजी यांना बोलतें करा, आणि शाळेंतल्या पोरांना तें लिहून घ्यावयास बसवा. लेण्यांवर पाथरवटाचें नांव राहिलें नाहीं, कारण तें लिहिणारा त्याच्या बाजूला कोणी नव्हता. आज तुमच्या पोरांच्या हातांत लेखणी आहे. आतां नांव राहिलें नाहीं, तर दोष दुसऱ्या कोणाला देतां येणार नाहीं.