‘हो’ म्हणण्यापूर्वी



आमच्या युनियनच्या कचेरीत डेबियनची ‘टेस्टिंग’ आवृत्ती चालते. २०२४ साली तिच्यात मोठी उलथापालथ झाली. ३२ बिटी यंत्रांच्या घड्याळाला जानेवारी २०३८ पलीकडचा काळ मोजता येत नाही. म्हणून असंख्य लायब्रऱ्या नव्याने बांधल्या गेल्या आणि त्यांच्या नावाला ‘टी६४’ हे शेपूट लागले. जुनी व नवी लायब्ररी एकत्र नांदत नाहीत. मग जुनीवर विसंबलेला प्रोग्राम नव्याने बांधून आला नसेल, तर ‘फुल-अपग्रेड’ त्यालाच काढू पाहते.

मालकांच्या कपातीच्या याद्या आम्ही जन्मभर वाचल्या. हीही तशीच वाचतो. यंत्र निदान आधी विचारते तरी! काढावयाच्या यादीत जुनी लायब्ररी आणि बसवावयाच्या यादीत तिचीच टी६४ बहीण दिसली, तर भिण्याचे कारण नाही. पण सबंध डेस्कटॉपच निघत असेल, तर ‘नाही’ म्हणावे व नुसते ‘ॲप्ट अपग्रेड’ चालवावे. ते बसवलेले काही काढीत नाही. उरलेल्यासाठी चार-आठ दिवस थांबून पुन्हा पाहावे. आणि कोणी घाईत ‘हो’ म्हणून बसलाच असेल, तर काय काय गेले त्याची तारीखवार नोंद ॲप्टच्या हिस्टरी लॉगमध्ये मिळते; तीवरून एकेक परत बसवता येते.