काटा का हलत नाही?



या व्यासपीठावर काल संतवाङ्मय झाले, परवा शेतीचे अर्थशास्त्र झाले. आज वजन हा विषय आहे आणि तो मांडावयास कामगार संघटनेचा माणूस उभा आहे, याचे काहींना नवल वाटेल. ज्याने जन्मभर वाढ मागितली तो आज घटीवर बोलणार, असे व्याख्यानमालेचे चिटणीस मघाशी मला म्हणालेही. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. त्यापुढचे जे काही आहे ते नगरवाचनालयाच्या बाकावर, शब्दकोश मांडीवर घेऊन मिळवलेले. सभागृहात डॉक्टर मंडळी बसलेली दिसतात. मी कोठे घसरलो तर त्यांनी खुशाल टोकावे.

या विषयाकडे मी हौसेने वळलो नाही, एका पत्रामुळे वळलो. आमचा एक सभासद प्रवासी गाडीचा चालक आहे. वय ४६, वजन ९८ किलो. तीन महिन्यांत दहा किलो वजन उतरवा, अन्यथा चालकाच्या कामावरून दूर केले जाईल, असे पत्र त्याच्या हाती पडले. गड्याने भात सोडला, दोन भाकऱ्यांची एक केली, रात्री नुसत्या ताकावर राहू लागला. पहिल्या महिन्यात चार किलो उतरले. दुसऱ्या महिन्यात एक. तिसऱ्या महिन्यात काटा जागचा हलेना, आणि भाचीच्या लग्नाहून परत आल्यावर पाहतो तो दोन किलो पुन्हा चढलेले. तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी शेरा मारला की हा इसम पथ्य पाळीत नाही. त्याची पत्नी आमच्या कचेरीत येऊन मला म्हणाली, “भाऊ, ताट मी वाढते. मला ठाऊक नसेल का?”

वाटाघाटीच्या धंद्यात असा प्रसंग नेहमी येतो. दोन जबान्या एकमेकींच्या विरुद्ध असतात आणि दोन्ही देणारी माणसे प्रामाणिक असतात. अशा वेळी एकाला खोटा ठरवून फाईल बंद करणे सोपे असते. मी ती बंद केली नाही, वाचनालयात गेलो.

पहिल्या महिन्याचे चार किलो आधी पाहू. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक साठा असतो, सुमारे अर्धा किलो. त्यातल्या प्रत्येक भागाबरोबर तिप्पट पाणी धरलेले असते. अन्न कमी केले की प्रथम हा साठा मोडतो आणि पाणी निघून जाते. काटा झरझर उतरतो, माणूस खूष होतो. पण त्यात चरबी थोडी आणि पाणी फार. चार घास पोटभर खाल्ले की ते पाणी परत येते. लग्नाहून आणलेल्या दोन किलोंत बुंदीपेक्षा पाणीच अधिक असणार. ‘सात दिवसांत पाच किलो’ अशा जाहिराती आपण भिंतींवर वाचतो, त्या साऱ्या या पाण्यावर चालतात.

खरा प्रश्न तिसऱ्या महिन्याचा. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या तर पंधरा दिवसांत एक किलो आणि वर्षात जवळजवळ चोवीस किलो वजन उतरावे. कागदावर हिशेब चोख आहे. मात्र तो एक गोष्ट गृहीत धरतो, ती ही की उत्पन्न घटले तरी शरीर आपला खर्च पूर्वीइतकाच ठेवील. असे कोणते घर करते?

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. वडील गिरणीत होते. पगार थांबला तेव्हा घर एका दिवसात कोसळले नाही. आधी चहातले दूध गेले, मग चहा गेला. फोडणीचे तेल निम्मे झाले. पुढे पुढे आई आम्हाला संध्याकाळी खेळायला जाऊ देईना, खेळून आलो की भूक लागते म्हणून. मिळकत घटली तसा खर्च घटला, आणि ज्या महिन्यात दोन्ही समसमान झाले त्या महिन्यापासून उरलेले चार पैसे टिकून राहिले. पुढे वडिलांना दुसरीकडे काम मिळाले. पहिल्या पगारात आईने आम्हाला कपडा घेतला नाही, तांदळाचा डबा काठोकाठ भरला. आणि त्यानंतर कित्येक वर्षे तो डबा तिने निम्म्याखाली जाऊ दिला नाही.

शरीर हेच करते, याचा पुरावा आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज या शास्त्रज्ञाने युद्धात शस्त्र धरण्यास नकार दिलेल्या ३६ तरुणांवर, त्यांच्या संमतीने, एक प्रयोग केला. १९४४च्या अखेरीस तो सुरू झाला. चोवीस आठवडे त्यांना नेहमीच्या निम्म्याच्या आसपास अन्न दिले. त्यांचे वजन चतुर्थांशाने घटले. पण स्वस्थ पडून असताना शरीर जी ऊर्जा जाळते ती जवळजवळ चाळीस टक्क्यांनी उतरली, म्हणजे वजनाच्या मानाने कितीतरी अधिक. नाडी मंद झाली. उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजे. एरवी स्वयंपाकघरात न डोकावणारे ते तरुण पाककृतींची पुस्तके जमवू लागले आणि रात्री ती वाचीत बसू लागले. प्रयोग संपल्यावर त्यांची भूक दीर्घकाळ भागेना, आणि अंगावर चरबी पूर्वीहून अधिक चढली. हे लोक आरंभी सडपातळ होते, हे खरे. पण स्थूल माणसांतही हाच कल दिसतो. वजन उतरवण्याच्या दूरचित्रवाणीवरील स्पर्धेत भाग घेतलेल्या १४ जणांची सहा वर्षांनंतर तपासणी झाली, तिचा अहवाल २०१६ साली आला. उतरलेल्यापैकी बहुतेक वजन परत आले होते, तरी त्यांचे शरीर त्या वजनाच्या माणसाने जाळावी त्याहून दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमीच जाळीत होते.

आणि भूक? चरबीच्या पेशी एक द्रव्य रक्तात सोडतात. ‘कोठार भरलेले आहे’ असा निरोप ते मेंदूला पोचवते. त्याला लेप्टिन म्हणतात आणि ते १९९४ साली सापडले. चरबी घटली की निरोप क्षीण होतो आणि मेंदू दुष्काळ जाहीर करतो. मेलबर्नच्या संशोधकांनी ५० माणसांना दहा आठवडे अतिशय कमी अन्नावर ठेवले आणि वर्षभराने पुन्हा तपासले. भुकेची द्रव्ये तेव्हाही चढलेलीच होती. तेव्हा ज्याला आपण मनाचा दुबळेपणा म्हणतो त्याच्या पोटात वर्षभर कोणी घंटा वाजवीत असते. ती घंटा ज्याला ऐकू येत नाही, त्याने संयमाची प्रवचने जरा कमी करावीत असे मला वाटते.

येथवर बाजू आमच्या चालकाची झाली. आता दुसरीही ऐकावयास हवी, कारण एकतर्फी निवेदन घेऊन मी वाटाघाटीला बसत नाही. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये काही जणांना तपासले. आपण दिवसाला १,२०० कॅलरींहून कमी खातो, तरीही वजन उतरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे शरीर ऊर्जा यथायोग्य जाळीत होते. मोजले तेव्हा निघाले की ते खात होते त्याच्या निम्म्याच्या जवळपास अन्न त्यांच्या टिपणातून सुटत होते. ही माणसे लबाड नव्हती. ताटात वाढलेले तेवढेच अन्न, अशी आपली सर्वांचीच समजूत असते.

आमच्या चालकाच्या पत्नीची जबानी म्हणूनच खरी होती. ताट ती वाढत होती. पण हा गृहस्थ दिवसातले चौदा तास घराबाहेर असे. मी त्याच्याबरोबर दोन फेऱ्या केल्या. प्रत्येक थांब्यावर चहा. दोन चमचे साखरेचा एक कप म्हणजे साठ-सत्तर कॅलरी. दिवसाचे दहा कप होत. म्हणजे घरी सोडलेली भाकरी तो थांब्याथांब्यावर पीत होता, एकीच्या जागी जवळजवळ तीन. चहाला कोणी खाणे म्हणत नाही. गाडीच्या खिडकीपाशी ठेवलेल्या शेंगदाण्यांच्या पुडीलाही नाही. आणि उपवासाचे काय विचारता! एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. साबुदाण्याच्या खिचडीत तूप आणि दाण्याचे कूट मिळून जे होते ते साध्या जेवणाला मागे टाकते.

व्यायामाने भरून काढू, असे पुष्कळजण म्हणतात. ऐंशी किलोचा माणूस अर्धा तास चालला तर दोन कप चहाइतके जळते. टांझानियातील हाडझा हे शिकार आणि कंदमुळांवर जगणारे लोक दिवसभर चालतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात त्यांचा एकूण ऊर्जाखर्च, शरीराच्या आकारमानाने पाहता, खुर्चीवर बसणाऱ्या पाश्चात्त्यांइतकाच निघाला. चालणे वाया जाते असे मात्र समजू नका. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर जेरी मॉरिस या डॉक्टरांनी केलेले काम १९५३ साली प्रसिद्ध झाले. दिवसभर जिना चढणाऱ्या वाहकांना बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होता. पुढे १९५६ साली त्यांनी गणवेशांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चालकांच्या विजारींची कंबर वाहकांहून मोठी निघाली, आणि ती नुसत्या वयस्कांची नव्हे, तरुण चालकांचीही! कामाने माणूस घडतो की माणूस आपल्याजोगे काम निवडतो, हा प्रश्न त्या विजारींनी उभा केला. त्याच वर्षी बंगालमधील तागगिरणीच्या कामगारांचा अभ्यास झाँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. कष्ट वाढतील तसे खाणे वाढे, हे उघडच होते. पण जे दिवसभर बसून असत, दुकानदार, देखरेख करणारे, ते कमी खाण्याऐवजी हलके काम करणाऱ्यांपेक्षा अधिक खात आणि वजनानेही अधिक होते. अगदी बसून राहिले की भुकेचे माप बिघडते, असा याचा अर्थ लावला गेला.

आणखी एक गोष्ट आपल्या पुण्यातली. डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन या दोघांचे उंची-वजनाचे गुणोत्तर एकच, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. २००४ साली ते दोघांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. आपल्या लोकांची चरबी पोटात, आतड्यांभोवती साठते, काट्याला ती नीट कळत नाही. मधुमेहाची वाट तेथून जाते. म्हणून वजनाच्या काट्याइतकीच शिंप्याची फीत महत्त्वाची. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांची ८० या मर्यादा आपल्याकडे मानल्या जातात.

ज्यांचा काटा हलत नाही त्यांनी आता नीट ऐकावे. चेन्नईचे डॉक्टर ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. ज्या गटाला आहार आणि चालण्याची शिस्त लावली, त्यांचे वजन म्हणण्यासारखे उतरले नाही. तरीही मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. शरीर आतून सुधारत होते आणि काटा गप्प होता. अशा वेळी काट्याला कंटाळून पथ्य सोडणारा माणूस ऐन फायद्याच्या वेळी दुकान बंद करतो.

नव्या औषधांविषयी विचारणा होईल, म्हणून थोडक्यात सांगतो. आठवड्यातून एकदा टोचावयाची ही औषधे भूकच कमी करतात. त्यातल्या एकाच्या २०२१ सालच्या चाचणीत सव्वा वर्षात वजन सरासरीने पंधरा टक्के उतरले. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातले दोन तृतीयांश परत आले. ज्यांना डॉक्टर देतील त्यांनी लाजू नये. एका द्रव्याने भूक शमते यावरून एवढे तरी दिसते की भूक ही चारित्र्याची परीक्षा नव्हे.

तर हे सारे घेऊन आम्ही वाटाघाटीला बसलो. संस्थेची काळजी खोटी नव्हती, हे मी तेथे मान्य केले. पन्नास प्रवासी ज्याच्या हाती, त्याला चाकावर डुलकी लागून चालत नाही, आणि फार स्थूल माणसाचा श्वास झोपेत अडकून त्याची झोप अर्धवट होते. पण झोपेचा प्रश्न आमचाही होता. शिकागोत २००४ साली बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले, तर लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरले आणि भूक लावणारे द्रव्य २८ टक्क्यांनी चढले. रात्री अकराला गाडी लावून पहाटे साडेचारला ती काढावयास लावणारे वेळापत्रक आणि ‘कमी खा’ म्हणणारे पत्र एकाच कचेरीतून निघत होते! आम्ही तीन गोष्टी मागितल्या: मुदत तीन महिन्यांऐवजी एक वर्ष, वजनाबरोबर कंबर, रक्तदाब आणि साखर यांची नोंद, आणि लागोपाठच्या रात्रवस्त्या बंद. पहिल्या दोन मिळाल्या, तिसरी निम्मी मिळाली.

गड्याने साखरेचा चहा दोन कपांवर आणला, भाकरी पुन्हा दोन केली. पालेभाजी आणि उसळ वाढवली, कारण त्यांनी पोट भरते. झोपेची तपासणी करून घेतली. चौदा महिन्यांत वजन ९८चे ९१ झाले, कंबर १०८ची १००, साखर आटोक्यात. दहा किलो काही उतरले नाहीत. तो चाकावर आहे.

आता पुढील मागणी रात्रवस्तीच्या खोलीत शेगडी, दोन भांडी आणि पिण्याचे पाणी यांची आहे, म्हणजे चालक-वाहकांना रात्री अकरा वाजता स्टँडावरच्या तळलेल्या वड्यांवर निजावे लागणार नाही. खर्च फारसा नाही. अर्ज गेल्या दिवाळीपासून पडून आहे. श्रोत्यांपैकी कोणी त्या मार्गाने प्रवास करीत असतील तर त्यांनीही दोन ओळींचे पत्र टाकावे. प्रवाशांचे पत्र आमच्यापेक्षा लवकर वाचले जाते, असा माझा अनुभव आहे.