सात डॉलरांचा प्रश्न
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



अमेरिकेच्या यादवी युद्धातील ५४ व्या मॅसॅच्युसेट्स स्वयंसेवक पायदळ पलटणीचे नाव निघाले की १८ जुलै १८६३ रोजी तिने फोर्ट वॅग्नरवर केलेल्या चढाईचे स्मरण होते. सुमारे ६०० जण चालून गेले. २७० च्या आसपास ठार, जखमी वा बेपत्ता झाले. कर्नल रॉबर्ट शॉ यांना शत्रूने त्यांच्या काळ्या शिपायांसमवेत एकाच खड्ड्यात पुरले. परंतु या पलटणीची दुसरी लढाई स्वतःच्याच सरकारशी होती, आणि श्रमिकांच्या चळवळीला तीच अधिक बोधप्रद आहे.

पलटण १८६३ च्या पूर्वार्धात उभी राहिली. शिपाई काळे, अधिकारी गोरे. भरतीसाठी फ्रेडरिक डग्लस फिरले; त्यांचे दोन पुत्रही दाखल झाले. वचन होते गोऱ्या शिपायाइतक्या, म्हणजे दरमहा १३ डॉलर वेतनाचे. पुढे सरकारने १८६२ च्या मिलिशिया कायद्यावर बोट ठेवले. काळ्या माणसाकडून मुख्यतः अंगमेहनतीचीच कामे घ्यायची, या समजुतीने त्यात १० डॉलर ठरले होते. त्यांतून कपड्यांचे ३ वजा जात. हाती उरत ७.

पलटणीने ते नाकारले. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने उरलेली रक्कम भरून देऊ केली, तीही नाकारली. कारण प्रश्न रकमेचा नव्हता, दर्जाचा होता. आम्ही सैनिक आहोत की मजूर, असे कॉर्पोरल जेम्स गुडिंग यांनी पत्र लिहून थेट लिंकनना विचारले. सुमारे दीड वर्ष हे शिपाई बिनपगारी लढले. घरी कुटुंबे हलाखीत होती. दुसऱ्या एका काळ्या पलटणीत याच प्रश्नावर शस्त्रे खाली ठेवणाऱ्या सार्जंट विल्यम वॉकर यांना फेब्रुवारी १८६४ मध्ये बंडाच्या आरोपावरून गोळ्या घालण्यात आल्या.

जून १८६४ मध्ये समान वेतनाचा कायदा झाला. मात्र सुरुवातीपासूनची थकबाकी १९ एप्रिल १८६१ रोजी स्वतंत्र असलेल्यांनाच मिळणार होती. म्हणजे पुन्हा फूट. तेव्हा पलटणीचे कर्नल हॅलोवेल यांनी शपथच अशी रचली: त्या दिवशी आपण कोणाच्याही विनामोबदला श्रमाचे देणे लागत नव्हतो. गुलामीच अन्याय्य असल्याने पूर्वीचा गुलामही ती खरेपणाने घेऊ शकत होता.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्या सदाचारी जनांना अर्पण केली. त्या ऋणात या शिपायांचाही वाटा मानला पाहिजे. एकाच यंत्रावर कायम आणि कंत्राटी कामगार आजही वेगवेगळ्या मजुरीवर राबतात. तेथे संघटनेने थोडक्यात तडजोड करण्यापूर्वी हे सात डॉलर आठवावेत.