न उतरणारी प्रत्यंचा

(शिरूर अनंतपाळ येथे क्रीडाशिक्षक, पालक आणि धनुर्विद्येचे विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अज्ञातवासाला निघालेल्या पांडवांनी आपली शस्त्रे शमीवृक्षावर लपवून ठेवली, ही कथा दरवर्षी दसऱ्याला घरोघरी सांगितली जाते. सांगताना तिच्यातील एक बारकावा मात्र बहुधा गळून जातो. शस्त्रे झाडावर चढवण्यापूर्वी पांडवांनी आपापल्या धनुष्यांच्या प्रत्यंचा उतरवल्या, असे विराटपर्वात वर्णन आहे. प्रत्यक्ष गांडीवाचीही प्रत्यंचा अर्जुनाने उतरवली. धनुष्य अखंड ताणलेले राहिले तर त्याचे बळ ओसरते आणि दोरी आपले माप सोडते, ही जाण त्यामागे आहे. ऑलिंपिकमध्ये चालणारे रिकर्व्ह धनुष्य वापरणारा खेळाडू आजही सराव संपला की दोरी उतरवूनच धनुष्य पेटीत ठेवतो.

कंपाऊंड धनुष्याला ही सोय नाही. त्याची प्रत्यंचा आणि तिच्या जोडीच्या केबल एकदा चढल्या की रात्रंदिवस, सुट्टीत, परीक्षेच्या महिन्यात, पेटीत बंद असतानाही ताणलेल्याच राहतात. म्हणूनच ‘त्या बदलायच्या केव्हा?’ हा प्रश्न या धनुष्याच्या बाबतीत विशेष निकडीचा ठरतो.

या प्रश्नाचा महाराष्ट्राशी संबंध फार जवळचा आहे. 5 ऑगस्ट 2023 रोजी बर्लिन येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत साताऱ्याची अवघी सतरा वर्षांची अदिती स्वामी कंपाऊंड प्रकारात वैयक्तिक विश्वविजेती झाली. अंतिम सामन्यात तिने मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेरा हिला 149–147 असे हरवले. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळे याने पोलंडच्या प्रतिस्पर्ध्यावर 150–149 अशी मात केली. त्यानंतर हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ओजसने तीन सुवर्णपदके मिळवली. बुलढाण्याचा प्रथमेश जावकर याने त्याच वर्षी शांघायच्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या माइक श्लोसरसारख्या अव्वल धनुर्धराला नमवले होते. ओजस आणि अदिती हे दोघे प्रवीण सावंत यांच्या साताऱ्यातील दृष्टी अकादमीत घडले. अदितीचे वडील शिक्षक. मुलीच्या साहित्यासाठी त्यांनी कर्ज काढले. आता 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाऊंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचा समावेश झाला आहे. तेव्हा तालुक्यातालुक्यांतून ही धनुष्ये घरात येणार, आणि पुष्कळ घरांत ती पोटाला चिमटा काढून येणार. अशा घराला धनुष्य घेण्याचा सल्ला देणारे अनेक भेटतात. ते सांभाळण्याचा सल्ला देणारे कमी.

या धनुष्याची रचना मराठवाड्यातील शेतकऱ्याला समजावून सांगणे तसे सोपे आहे. ज्यांनी मोट पाहिली आहे त्यांना चाक, नाडा आणि सोंदूर आठवत असतील. 1966 साली अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या हॉलेस विल्बर अ‍ॅलन या गृहस्थाने ज्या धनुष्याच्या एकस्वासाठी अर्ज केला, त्यात त्याने धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाके बसवून त्यांवरून दोर फिरवले. 1969 मध्ये त्याला एकस्व मिळाले. आज त्या चाकांना कॅम म्हणतात. एका कॅमपासून दुसऱ्या कॅमपर्यंत जाणारी ती प्रत्यंचा, आणि कॅमना धनुष्याच्या पात्यांशी किंवा एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या त्या केबल. दोरी पूर्ण ओढली की कॅम फिरतात आणि धनुर्धराच्या हातावरचा भार एकदम उतरतो. आंतरराष्ट्रीय नियमांत कंपाऊंड धनुष्याचा कमाल ताण 60 पाउंडांपर्यंत चालतो. पूर्ण ओढलेल्या अवस्थेत त्यातले पंधरा-वीस पाउंडच बोटांच्या वाट्याला येतात. उरलेला भार नाहीसा होत नाही, तो केबलवर जातो. खेळाडूचे लक्ष सदैव प्रत्यंचेवर असते, कारण ती त्याच्या नाकासमोर असते. केबल बाजूला राहून निमूटपणे ओझे वाहते आणि पाहणीच्या वेळी नेमकी तीच विसरली जाते.

ही दोरी कशाची असते? कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात आयुधागाराच्या प्रमुखाची कर्तव्ये सांगताना प्रत्यंचेसाठी मूर्वा, रुई, ताग, गवेधु नावाचे गवत, बांबू आणि जनावरांचे स्नायू एवढे पदार्थ नोंदवले आहेत. आज त्यांची जागा कृत्रिम तंतूंनी घेतली आहे. डायनीमा नावाने ओळखला जाणारा तंतू वजनाच्या मानाने विलक्षण मजबूत आणि घर्षणाला दाद न देणारा असतो. पण सततच्या ताणाखाली आणि उष्णतेत तो अतिशय सावकाश, कायमचा लांबत जातो. व्हेक्ट्रान हा दुसरा तंतू जवळजवळ लांबत नाही, परंतु घासण्याने आणि उन्हाने लवकर खराब होतो. म्हणून कंपाऊंडच्या अनेक दोऱ्यांमध्ये दोहोंचे मिश्रण वापरतात. असे वीस ते अठ्ठावीस धागे एकत्र पिळून दोरी होते, आणि जिथे बाणाची खाच बसते, जिथे दोरी कॅमवरून वळते, तिथे तिच्यावर बारीक दोऱ्याचे घट्ट वेष्टण गुंडाळतात. त्याला खेळाडू सर्व्हिंग म्हणतात.

धागा तुटणे आणि धागा लांबणे ही दोन निरनिराळी दुखणी आहेत. तुटणे डोळ्यांना दिसते. लांबणे दिसत नाही, आणि पदके बहुधा त्यातच जातात. केबल लांबली की पाती किंचित सैल होतात, दोन कॅमच्या आसांमधले अंतर वाढते, धनुष्याचा ताण कमी होतो. प्रत्यंचा लांबली की ओढीची लांबी वाढते आणि दोरीत बसवलेले पीप, म्हणजे नेम धरताना ज्यातून पाहायचे ते छोटे भोक, डोळ्यासमोर तिरके फिरू लागते. दोन केबल कमीअधिक लांबल्या तर एक कॅम आधी थांबतो, दुसरा मागून येतो, आणि बाण वर-खाली पडू लागतात. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास केवळ 8 सेंटिमीटर असतो. वर दिलेल्या बर्लिनच्या सामन्यांतील फरक एक आणि दोन गुणांचा होता, हे इथे लक्षात घ्यावे.

अशा वेळी विद्यार्थी काय करतो? बाण खाली जातो म्हणून साइट थोडी सरकवतो. पंधरा दिवसांनी पुन्हा थोडी. त्याला वाटते, आपली शैली बिघडली. प्रशिक्षक त्याचा खांदा सुधारू पाहतात. आणि दोष असतो दोरीत. त्यासाठी एक वही पुरेशी आहे. नवा संच चढवून तो स्थिरावला की आसांमधले अंतर, पकडीपासून दोरीपर्यंतचे अंतर, कमाल ताण, पीपची उंची आणि दोन्ही कॅमवरील खुणांची स्थिती लिहून ठेवावी. महिन्यातून एकदा तीच मापे पुन्हा घ्यावीत. साइट हलवली तर तीही तारखेसह नोंदवावी. मापे थोडी ढळली तर जाणकार व्यक्ती दोरीला एखाददुसरा पीळ देऊन ती पूर्ववत करू शकते. पण पीळ दिल्यावर तीच मापे पुन्हा ढळू लागली, पुन्हा पीळ द्यावा लागला, तर त्या संचाचे आयुष्य संपले असे समजून नवा मागवावा, मग दोरी वरून कितीही सुंदर दिसो.

उत्पादक आणि दुकानदार साधारणपणे दोन-तीन वर्षांचा काळ सांगतात. हा आकडा पाठ करण्यात अर्थ नाही. रविवारी तीस बाण सोडणाऱ्याचे वर्षाला पंधराशे बाण होतात; रोज दीडशे याप्रमाणे आठवड्यात सहा दिवस सराव करणारी मुलगी वर्षात चाळीस हजारांच्या पुढे जाते. दोघांना एकच कालमर्यादा कशी लागू पडेल? कसून खेळणाऱ्याने वर्षाला एक संच धरूनच खर्चाचा हिशेब मांडावा. कमी खेळणाऱ्यानेही तीन वर्षांपलीकडे ताणू नये, कारण न वापरलेली दोरीसुद्धा ताणलेलीच असते.

काही खुणा अशा आहेत की त्या दिसताच कॅलेंडर बाजूला ठेवावे. एक जरी धागा तुटलेला आढळला, तरी त्या धनुष्यावरून पुढचा बाण सुटता कामा नये. नुसती लव उठली असेल तर दोरीचे मेण बोटांनी चोळून मुरवावे. मेण लावूनही लव बसत नसेल तर धागे आतून झिजत आहेत. कॅमवरील सर्व्हिंग फाकून खालचे धागे उघडे पडले, किंवा टोकाच्या फासात काप दिसला, तरी तोच निर्णय. मधले सर्व्हिंग झिजले असेल तर मात्र संपूर्ण संच बदलण्याची गरज नसते, तेवढेच नव्याने गुंडाळता येते. त्याची परीक्षा सोपी आहे. दोरी खालच्या बाजूस येईल असे धनुष्य आडवे धरून बाण तिला खाली लोंबकळत लावावा. तो आपल्या वजनाने गळून पडला तर सर्व्हिंग झिजले आहे, आणि बाण न लागताच दोरी सुटण्याचा धोका आहे. डी-लूप तर काही रुपयांची वस्तू. ती बदलण्यात कंजुषी करू नये. नवी दोरी पुन्हा एकाच जागी फाटत असेल तर चूक दोरीची नसते. कापसाचा बोळा कॅमच्या कडेवरून फिरवावा. तंतू अडकले तर तिथे धातूची कूस आहे. खडबडीत चाक नाडा खाते हे जुन्या शेतकऱ्यांना वेगळे सांगावे लागत नसे.

इतकी काळजी कशासाठी? तुटलेल्या दोरीचा प्रकार साधा नाही. पात्यांत साठलेली शक्ती बाणाला मिळण्याऐवजी धनुष्यातच कोसळते. कॅम वाकतात, पात्यांना चिरा जातात, आणि सुटलेली दोरी हातावर वा चेहऱ्यावर फटका मारते. तेव्हा संचाचे पैसे वाचवण्याच्या नादात लाखाच्या घरातले धनुष्य जाते, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पोराचा डोळा धोक्यात येतो. ‘एवढी स्पर्धा होऊ द्या, मग बदलू’ हे वाक्य म्हणूनच घरात उच्चारले जाऊ नये.

स्पर्धेचा विषय निघाला आहे तर वेळेचेही सांगितले पाहिजे. प्रत्यंचा आणि केबल एकत्रच बदलाव्यात. जुन्या केबलवर नवी प्रत्यंचा चढवली तर दोन्ही वेगवेगळ्या गतीने लांबतात आणि मापे कधीच स्थिर होत नाहीत. नवा संच स्थिरावायला शे-दोनशे बाण लागतात. त्यानंतर पीप, खाच आणि साइट पुन्हा जुळवावी लागते. सबब जिल्हा वा राज्य स्पर्धेच्या तीन-चार आठवडे आधी हे काम उरकलेले असावे, आदल्या दिवशी कदापि करू नये. शक्य असेल त्याने एक जादा संच काही दिवस वापरून, स्थिरावून, उतरवून जवळ ठेवावा.

हे काम हाताने मात्र होत नाही. पाती दाबून धरणारे बो-प्रेस नावाचे यंत्र त्यासाठी लागते, आणि ते प्रत्येक गावात असणार नाही. घरी पायाने दाबून वा दोराने बांधून हे करू पाहणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. त्यापेक्षा तालुक्यातील सगळ्या खेळाडूंनी एकाच दिवशी आपली धनुष्ये प्रेस असलेल्या केंद्रावर न्यावीत; प्रवासखर्चही वाटला जाईल. उन्हाळ्यात ती बंद मोटारीत किंवा पत्र्याखाली मुळीच ठेवू नयेत, कारण आपल्या मे महिन्यातले ऊन लांबण्याचे काम दुप्पट जोमाने करते. ऊब, दमट आणि कीड यांनी बिघडू लागलेली आयुधे दुसऱ्या जागी हलवावीत, असे कौटिल्याने आयुधागाराच्या अधिकाऱ्याला बजावले आहेच. पावसाळ्यात मेणाचा थर हवा, म्हणजे पाणी धाग्यांत शिरून दोरी जड होत नाही.

वार्षिक पाहणीला खंडेनवमीइतका योग्य दिवस कोणता? पूजेला मांडण्यापूर्वी धनुष्य पुसावे, प्रत्येक धागा उजेडात पाहावा, वही उघडून मापे ताडून घ्यावीत. हळदकुंकू पकडीच्या भागावर वाहावे, दोरीवर नको, त्याचे कण धाग्यांत शिरून राहतात. आणि नवा संच चढल्यावर तुटके धागे असलेला जुना संच कपाटात राहू न देता त्याच दिवशी कात्रीने कापून टाकावा. नाहीतर दोन वर्षांनी धाकटा भाऊ तो शोधून काढतो आणि चांगला आहे असे समजून चढवायला नेतो.