बर्ड फ्लूचा विषाणू : उत्क्रांतीचे अर्थकारण

जबलपूर विभागातील छिंदवाडा येथे जानेवारी २०२५ मध्ये पाळीव मांजरांमध्ये बर्ड फ्लूचा एच५एन१ हा विषाणू आढळला. देशात पाळीव मांजरांमधील ही पहिलीच नोंद होती. त्याच्या काही आठवडे आधी, डिसेंबर २०२४ मध्ये, शेजारच्या नागपुरात गोरेवाडा येथील बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने दगावले होते. पशुवैद्यकीय शिक्षणाची १९४८ पासूनची परंपरा असलेल्या जबलपूरसारख्या शहरात या घटनांचा विचार गांभीर्याने होणे स्वाभाविक आहे. मूळचा पक्ष्यांचा विषाणू अधिकाधिक घातक कसा होत जातो आणि त्याला आपली आर्थिक व्यवस्था कितपत हातभार लावते, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

इन्फ्लुएन्झाच्या विषाणूची जनुकीय सामग्री आरएनएच्या आठ स्वतंत्र तुकड्यांत विभागलेली असते. पेशीत शिरल्यावर तो आपल्या असंख्य प्रती काढतो. मात्र प्रत काढताना झालेली चूक दुरुस्त करण्याची सोय त्याच्याजवळ नाही. त्यामुळे प्रत्येक पिढीत थोडे थोडे बदल होत राहतात. त्यांपैकी बहुतेक बदल निरुपयोगी असतात, पण एखादा बदल विषाणूला लाभदायक ठरतो आणि टिकून राहतो. दुसरा मार्ग अदलाबदलीचा. एकाच प्राण्याच्या एकाच पेशीत दोन निरनिराळे विषाणू शिरले, तर त्यांच्या तुकड्यांची सरमिसळ होऊन नवाच विषाणू तयार होऊ शकतो. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथींचे विषाणू मानवी आणि पक्ष्यांच्या विषाणूंतील अशाच सरमिसळीतून आले होते.

रानबदकांमध्ये हा विषाणू प्राचीन काळापासून वास करून आहे. तो बहुधा त्यांच्या आतड्यात राहतो आणि विष्ठेवाटे पाण्यात पसरतो. बदक हिंडते-फिरते राहण्यातच त्याचा फायदा असतो. यजमानाला लगेच मारणारा विषाणू त्याच्याबरोबरच संपण्याचा धोका असतो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर निसर्गात घातकपणाची किंमत विषाणूला मोजावी लागते.

हजारो कोंबड्या दाटीवाटीने ठेवलेल्या शेडमध्ये ही किंमत जवळजवळ शून्यावर येते. एक कोंबडी काही तासांत मेली तरी तिच्या शेजारी दुसरी असतेच. शिवाय सगळ्या एकाच वाणाच्या, एकाच वयाच्या असल्याने एकीची प्रतिकारशक्ती जिथे तोकडी पडते तिथे सर्वांचीच पडते. एच५ आणि एच७ या उपप्रकारांचे सौम्य विषाणू अशा कळपात शिरले की त्यांच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनात महत्त्वाचा बदल घडू शकतो. हे प्रथिन विशिष्ट जागी छेदले गेल्याशिवाय विषाणूला पेशीत प्रवेश मिळत नाही. सौम्य प्रकारात ते छेदणारी विकरे प्रामुख्याने श्वसनमार्गात आणि आतड्यातच असतात. बदलानंतर मात्र शरीरात सर्वत्र आढळणारी विकरे ते छेदू शकतात, आणि मेंदूपासून हृदयापर्यंत सर्व अवयव विषाणूला मोकळे होतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात १९८३ च्या एप्रिलमध्ये आढळलेला सौम्य विषाणू ऑक्टोबरपर्यंत मारक झाला होता. ती साथ आटोक्यात आणताना सुमारे १ कोटी ७० लाख पक्षी नष्ट झाले.

आज चर्चेत असलेल्या एच५एन१ चा वंश चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात १९९६ मध्ये एका हंसात सापडलेल्या विषाणूपर्यंत पोहोचतो. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये त्याची १८ माणसांना लागण झाली आणि सहा जण मृत्युमुखी पडले. भारतात तो प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. मार्चमध्ये जळगाव जिल्हा आणि त्याला लागून असलेला मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्हाही बाधित झाला. २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा त्याच संकटाला तोंड द्यावे लागले.

माणसाच्या दृष्टीने आणखी एक टप्पा महत्त्वाचा आहे. पक्ष्यांचा विषाणू ज्या प्रकारच्या ग्राहक रेणूंना चिकटतो, ते मानवाच्या नाक-घशात विरळ असतात. म्हणून लागण क्वचित होते. पण झाली तर ती फुप्फुसात खोलवर जाते. २००३ नंतर जगभरात नोंदलेल्या नऊशेहून अधिक एच५एन१ रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावले. दिल्लीत जुलै २०२१ मध्ये एका अकरा वर्षांच्या मुलाचा झालेला मृत्यू हा या विषाणूने भारतात घेतलेला पहिला ज्ञात मानवी बळी होय. माणसामाणसांत सातत्याने पसरण्याची क्षमता या विषाणूने अद्याप मिळवलेली नाही. परंतु सस्तन प्राण्याच्या शरीरातील प्रत्येक वास्तव्य ही त्याच्यासाठी सरावाची संधी असते. त्याच्या प्रती काढणाऱ्या प्रथिनातील एखाद्या बदलानेही तो सस्तन प्राण्यांच्या पेशींत अधिक सहजतेने वाढू लागतो. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गायींमध्ये तो आढळला, तेव्हा जग चिंतेत पडले ते यामुळेच. छिंदवाड्याची मांजरे आणि गोरेवाड्याचे वाघ याच मालिकेत मोडतात.

विषाणूच्या हाती असलेली संधी म्हणजे त्याच्या प्रतींची संख्या आणि त्याला मिळालेला वेळ यांचा गुणाकार होय. उत्परिवर्तन थांबवणे कोणाच्याही हाती नाही. संधी कमी करणे मात्र शासन आणि शेतकरी यांच्या हाती आहे. येथे अर्थशास्त्राचा प्रवेश होतो. पहिल्या दहा कोंबड्या मेल्यावर पशुपालक काय करतो, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. त्याने कळवले तर कळप नष्ट होणार आणि उत्पन्न बुडणार. लपवले तर उरलेल्या कोंबड्या स्वस्तात का होईना बाजारात विकता येणार. व्यक्तीच्या हिशेबात लपवणे फायद्याचे, समाजाच्या हिशेबात ते विनाशकारी. हा तिढा केवळ कायद्याच्या धाकाने सुटत नाही.

त्यासाठीच नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई देण्याची पद्धत आहे आणि तिचा भार केंद्र व राज्य निम्मा-निम्मा उचलतात. रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्यांना भरपाई नसते. त्यामुळे लवकर कळवणाऱ्याचे अधिक पक्षी भरपाईस पात्र ठरतात. ही योजना योग्य दिशेची आहे. तिचे यश मात्र दर आणि वेळ यांवर ठरते. दर बाजारभावाच्या फार खाली गेला तर लपवाछपवी वाढते, फार वर गेला तर काळजी घेण्याची गरजच वाटेनाशी होते. आणि रक्कम महिनोन्‌महिने रेंगाळली तर पुढच्या वेळी कोणी कळवण्यास पुढे येत नाही. मोठ्या व्यावसायिकाला बँकेचा आधार असतो. परसात दहा-पंधरा कोंबड्या पाळून अंडी विकणाऱ्या ग्रामीण महिलेला मात्र त्याच उत्पन्नातून घरखर्चाचा काही भाग चालवायचा असतो.

म्हणून भरपाईकडे दानधर्म म्हणून न पाहता साथप्रतिबंधाचा खर्च म्हणून पाहावयास हवे. ती थेट बँक खात्यात आणि ठरलेल्या मुदतीत मिळावी. परसातील पक्ष्यांची नोंद ग्रामपंचायत पातळीवर आधीच असावी. शेडमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांवर व माणसांवर नियंत्रण, कोंबड्या, बदके आणि डुकरे एकत्र न ठेवणे, मांजरांना व प्राणिसंग्रहालयांतील प्राण्यांना कच्चे चिकन देताना दक्षता घेणे, जिवंत पक्ष्यांच्या बाजारांची नियमित स्वच्छता, हे उपाय खर्चिक नाहीत. भोपाळची उच्च सुरक्षा प्रयोगशाळा रोगनिदानाचे काम करतेच. पण नमुना तेथे पोहोचण्यासाठी गावातील कोणीतरी वेळेवर तोंड उघडणे आवश्यक आहे. ते उघडणाऱ्याचे नुकसान होणार नाही याची हमी देणे, हाच या विषाणूची उत्क्रांती लांबवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.