लॅपटॉप बदलण्याआधी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरात एक प्रश्न मुक्कामालाच आला होता. माझा लॅपटॉप बदलायचा की नाही? निवृत्त मास्तराला लॅपटॉपचे एवढे काय, असे तुम्हाला वाटेल. म्हणून आधी माझे काम सांगतो.

मी भंडारा जिल्ह्यातल्या शहापूरचा. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, रात्री दंडार उभी राहते, नाटके रंगतात. त्या दंडारींतली गाणी मी ध्वनिमुद्रित करतो, घरी आणून त्यांतली खरखर काढतो आणि एकेक गाणे वेगळे करून ठेवतो. त्यासाठीच २०१८ साली सव्वा किलोचा लॅपटॉप घेतला. पिशवीत टाकला की एसटीने कुठेही जाता येते.

अलीकडे मात्र तो दमला होता. दोन गाणी एकावेळी उघडली की पडदा गोठायचा, पंखा घरघरायचा. पुण्याचा मुलगा म्हणाला, "बाबा, नवीन घेऊन टाका." दुकानदारानेही तेच सांगितले. आकडा साठ हजारांच्या पुढचा. पेन्शनवाल्या माणसाला असा आकडा दोनदा वाचावा लागतो.

संगणक दुरुस्त करणारा माझा भाचा म्हणाला, "मामा, गाडी कुठे अडते ते आधी पाहू." त्याने 'टास्क मॅनेजर' उघडून दिला आणि सांगितले, नेहमीचे काम करा आणि कोणता आकडा शंभराला टेकतो ते बघा. प्रोसेसर निवांत होता. ८ जीबीची रॅम भरत होती आणि डिस्क तर काठोकाठ भरलेली. रॅम अपुरी पडली की संगणक डिस्कवर जागा शोधतो. तिथेही जागा नसली की सगळेच रखडते. त्यात पंख्यात सात वर्षांची धूळ. आतला भाग तापला की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो.

मग रॅम वाढवू, म्हटले. पण हलक्या लॅपटॉपची खरी गोम इथेच आहे. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखवला, तेव्हा जग थक्क झाले. त्या पातळ यंत्रातली रॅम मुख्य पट्टीवरच डाखलेली होती. पुढे बहुतेक पातळ लॅपटॉपांनी तोच मार्ग धरला. वजन घटते, पण रॅम मागाहून वाढवता येत नाही. एसएसडी डिस्क आणि बॅटरी मात्र बऱ्याच यंत्रांत बदलता येते. माझ्या लॅपटॉपमध्ये दोन्ही बदलता येत होते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण माझा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत होता. तीही काळजी मिटली.

निर्णय जवळजवळ झाला होता. त्याच आठवड्यात एका मंडईत ऐंशीच्या घरातले एक दंडारकर भेटले. त्यांचा आवाज आता बसला आहे. हात धरून म्हणाले, "गुरजी, माजा आवाज हाये ना त्यात?" मी म्हटले, "आहे ना, बुवा." घरी येताना एसटीत अंगावर काटा आला. त्यांच्या गाण्याची एकच प्रत होती, आणि ती त्या भरलेल्या, जुन्या डिस्कवर. महिनाभर मी यंत्राचा विचार करत होतो. यंत्र दुकानात मिळते. तो आवाज कुठल्या दुकानात मिळणार?

मी मोठी डिस्क बसवली, बॅटरी बदलली, धूळ काढली. नव्या लॅपटॉपच्या किमतीचा लहानसा हिस्सा लागला. उरलेल्या पैशांतून आधी दोन बाहेरच्या डिस्क घेतल्या. चांगल्या प्रतीचे ध्वनिमुद्रण तासाला साधारण १ जीबी जागा घेते. म्हणजे कित्येक हंगाम एका डिस्कवर मावतात. एक प्रत माझ्याकडे, एक कपाटात, एक नागपूरला मुलीकडे.

सगळ्यांनी असेच करावे, असे मी म्हणणार नाही. रोज चित्रफिती जोडायच्या असतील, ग्राहक दारात उभा असेल, तर नवे यंत्र घ्यावे. मात्र रॅम घेतानाच १६ जीबी किंवा जास्त घ्यावी, कारण पुढे ती वाढेलच असे नाही. अधूनमधून काम असेल, तर चित्रफितीची लहान आकाराची प्रत करून तिच्यावर जोडणी करावी आणि मूळ फीत शेवटी वापरावी. जुने यंत्रही तेवढे ओढते.

माझा लॅपटॉप अजून थोडा सावकाशच चालतो. मीही तसाच चालतो. पुढच्या मंडईला त्याच दंडारकरांना कानाला हेडफोन लावून त्यांचे गाणे ऐकवायचे ठरवले आहे.